खाडाखोड चालणार नाही

आमच्या गल्लीत सोन्याचं कानातलं हवं असेल तर सोनाराकडं जायचं, आणि सिद्रामआण्णांच्या हातचं हवं असेल तर अर्ज करायचा. मी थट्टा करत नाही. चांगला कोरा कागद, डावीकडं समास, उजवीकडं तारीख, मधोमध 'विषय : कानातले मिळणेबाबत' आणि शेवटी 'आपली विश्वासू'. कानातलं फुकट मिळायचं, पण अर्जाशिवाय नाही. त्या अर्जात एक जरी अक्षर खोडलेलं दिसलं, की आण्णा चष्मा कपाळावर चढवायचे, कागद दोन बोटांत धरून परत करायचे आणि म्हणायचे, "खाडाखोड चालणार नाही. नवीन आणा."

माझा पहिला अर्ज तीनदा परत आला. मी शुक्रवार पेठेत दूध-दह्याचं दुकान चालवते. सकाळी पाचला शटर उघडते, दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावते, मला कुठं समास पाडायला वेळ? तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आण्णा, राहू दे तुमचं कानातलं. माझे कान बरे आहेत." तर म्हणाले, "तसं लेखी दे. अर्ज मागे घेत आहे म्हणून."

आता अशा माणसाला काय म्हणावं? मला तर इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

आण्णा एका सरकारी कचेरीत नोंदणीच्या टेबलावर होते. जन्म, मृत्यू, लग्न, सगळं त्यांच्या हातून वहीत चढायचं. तिथं एक अक्षर चुकलं तर माणूस जन्मभर चुकीच्या नावानं हिंडतो, असं ते सांगायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी गल्लीला नुसता वात आणला. माझ्या दुकानाच्या पाटीवर 'ताजे दही मिळेल' लिहिलं होतं, तर विचारायला आले, "मिळेल म्हणजे नक्की केव्हा?" मग कुठूनतरी मोबाईलवर त्यांना तो व्हिडिओ दिसला आणि गल्लीची सुटका झाली.

त्या व्हिडिओत एक बाई रंगीत मातीचे दागिने करत होती. ही माती म्हणजे आपली कुंभाराची माती नव्हे. पॉलिमर क्ले म्हणतात तिला, प्लॅस्टिकसारखी असते. कणकेसारखी मळायची, लाटायची, हवा तो आकार द्यायचा आणि छोट्या भट्टीत भाजायची. भाजली की टणक. आण्णांनी पोळपाट-लाटणं काढलं, विजेची भट्टी आणली, आणि त्या भट्टीवरच्या आकड्यांवर विश्वास नाही म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवला.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं, की निवृत्त माणूस दुपारभर कणीक मळतोय, भट्टी लावतोय. म्हटलं, बिस्किटांचा धंदा काढला वाटतं. एका दुपारी ताटली घेऊन दुकानात आले. ताटलीत अंगठ्याच्या नखाएवढी जिलबी. अशी पिवळीधमक, पाकात बुडवल्यासारखी चकचकीत. "बघ जरा कशी झालीय," म्हणाले. मी तोंडात टाकली.

"मंगल!" आण्णा ओरडले. "ती उजव्या कानाची आहे!"

दाढ आठवडाभर दुखत होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत भट्टीवर पाटी लागली : 'येथील कोणतीही वस्तू खाण्यास योग्य नाही. हुकमावरून.' हुकूम कुणाचा, हे मी विचारलं नाही.

कानातल्यांवरून आण्णा पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आले. पुठ्ठ्यावर मातीचा थर द्यायचा, त्यावर उठावाची चित्रं करायची. आमच्या पंचांगाला त्यांनी मसाला भरलेल्या वांग्यांचं कव्हर केलं. पंचांगाला वांगी का, तर म्हणाले, "संकष्टी कधी हे बघायला तू पंचांग उघडतेस, आणि उपास सुटल्यावर वांगी करतेस. संबंध आहे." असेल बाबा. ते कव्हर वेगळं भाजून डिंकानं चिकटवलेलं होतं. एका चतुर्थीला ते निखळून आमच्या ह्यांच्या पायावर पडलं. हे चार दिवस लंगडत होते.

आण्णांना ही गोष्ट फार लागली. पायाची नव्हे, निखळण्याची. त्यांनी पद्धत बदलली. माती सरळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच थापायची आणि अख्खं पुस्तक भट्टीत घालायचं, म्हणजे जन्मात सुटणार नाही. आमचंच पंचांग पुन्हा मुकाट्यानं भट्टीत गेलं आणि पाऊण तासानं बाहेर आलं. पानं शाबूत, छपाई शाबूत, वांगी घट्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी गरम पंचांग हातात धरलं.

आता त्या पेनाचं सांगते, कारण सगळा घोळ त्या पेनानं केला.

आमच्या कोपऱ्यावर रशीदभाईंचं वह्या-पेनांचं दुकान आहे. त्यांनी एकदा आण्णांना नव्या तऱ्हेचा पेन दाखवला. शाईचाच पेन, पण टोकाला रबर. लिहायचं, चुकलं की त्या रबरानं घासायचं, अक्षर साफ गायब. डाग नाही, कागद खरवडलेला नाही. आण्णांनी तिथंच उभ्या उभ्या दहा वेळा स्वतःचं नाव लिहिलं आणि दहा वेळा पुसलं. रशीदभाई म्हणाले, "आण्णा, बस करो, रबर घिसता." त्या दिवसापासून आण्णांच्या खिशाला दुसरा पेन लागला नाही. ज्या माणसाला जन्मभर खाडाखोड चालली नाही, त्याला खाडाखोडच न दिसणारा पेन सापडला. देव भेटल्यासारखंच झालं की.

देव भेटला पण पावला नाही. एप्रिलात आण्णांनी गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल दोन पानी अर्ज लिहिला, स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि वाटेतली चार कामं करत उन्हातान्हातून कचेरीत पोचले. खिडकीवर कागद दिला. आतला माणूस म्हणाला, "काका, अर्ज कुठाय? हा तर कोरा कागद." खरंच कोरा! घरी येऊन मला दाखवला. मी उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला. "तुम्ही दुसराच कागद नेला असेल," मी म्हटलं. "नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढलेला माणूस दुसरा कागद नेईल?" आण्णा म्हणाले. ते पण चक्रावले, मी पण चक्रावले. दिवा अजून बंदच आहे.

कानातल्यांबद्दल आणखी एक कोडं होतं. आण्णा कुठलंही कानातलं केलं की त्याचा दुसरा जोड करून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. "कार्यालयीन प्रत," म्हणायचे. पण ती प्रत मूळ नगापेक्षा लहान, हलकी, आणि नेहमी एकाच मापाची. एकट्या पुरुषाच्या घरात डबाभर बायकी कानातली! गल्लीतल्या बायकांनी काय काय तर्क केले, ते इथं सांगण्यासारखे नाहीत. मला मात्र ते माप ओळखीचं वाटायचं.

नंदाच्या कानाचं माप होतं ते.

महानंदा ही आण्णांची धाकटी बहीण. माझ्या वर्गातली, एका बाकावरची. वडील आधीच गेलेले, आम्ही सहावीत असताना तिची आई गेली. आण्णा तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, नुकतेच नोकरीला लागलेले. त्यांना वेणी घालता यायची नाही. शाळेला जाताना मी तिला हाक मारायला गेले की मला दारात पाठमोरी उभी करायचे आणि माझ्या वेण्या बघून बघून नंदाच्या घालायचे. दोन वेण्या, लाल रिबिनी. माझी मान अवघडायची. "हलू नको मंगल, डावीकडचा पेड बघायचाय." भाकरी, चटणी, सणाची पोळी, सगळं आईच्या हाताखाली शिकलेले होते, तेच तिला करून घालायचे.

पुढं एकतिसाव्या वर्षी नंदानं लग्न ठरवलं. स्वतःचं स्वतः. श्रीनिवास नावाचा, भवानी पेठेतल्या तेलुगू विणकर घरातला, मागावर टॉवेल काढणारा मुलगा. चांगला माणूस. आण्णा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग त्या दोघांनी नोंदणीचा फॉर्म भरला आणि रीतसर आण्णांच्याच टेबलावर नेऊन दिला. नंदानं नाव लिहिताना एक अक्षर गिरवलं होतं. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खाडाखोड चालणार नाही. नवीन आणा."

बहिणीला! चारचौघांत! नंदा फॉर्म घेऊन बाहेर पडली ती घरी आलीच नाही. श्रीनिवासच्या आत्याकडं राहिली, दुसऱ्या गावी नोंदणी केली आणि भवानी पेठेत संसार थाटला. त्याला चौदा वर्षं झाली. शुक्रवार पेठ ते भवानी पेठ स्कूटरवर कितीसा वेळ लागतो? पण आण्णांना तिकडं काम निघालं तरी ते गावाला वळसा घालून जायचे. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "नियम म्हणजे नियम. ती नवीन फॉर्म घेऊन आली असती तर मी घेतला असता." नंदा म्हणायची, "त्याला माझ्यापेक्षा कागद मोठा." दोघंही मला खरीच वाटायची. कुणाची बाजू घ्यावी हेच कळायचं नाही, म्हणून मी दोघांनाही दही देत राहिले.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर नंदा दुकानात आली. माग बंद पडला होता. श्रीनिवासचा भाऊ सुरतेला आहे, तिकडंच जायचं ठरलं होतं. "दोन महिन्यांनी जाणार बघ. परत काय येणं होतंय," ती म्हणाली. खवा बांधून घेताना उगाच बोलल्यासारखं बोलली, "मंगल, आईची शेंगापोळी मला जमतच न्हाय. गुळात काय घालायची काय की. आता इचारू तरी कुणाला?"

मी ते जसंच्या तसं आण्णांच्या कानावर घातलं. ते दुकानातल्या बाकावर पेपर वाचत होते. पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "मीठ," म्हणाले. "चिमूटभर मीठ घालायची." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंकडून जाड पुठ्ठ्याची वही आली.

मग दोन महिने रोज दुपारी आण्णा माझ्या बाकावर बसून वही लिहायचे. शेंगाची चटणी, दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली शेंगापोळी, भरली वांगी, हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, आईचं एकेक. नंदा सुरतेला जायच्या आत ही वही आणि एक कानातलं तिच्या हातात द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला तसं सांगितलंही, तेही चोरी कबूल केल्यासारखं. पण लिहिणं कमी आणि पुसणं जास्त. चार ओळी लिहायच्या, बघत बसायच्या, रबरानं घासायच्या, फुंकर मारायची. मला राहवेना. "आण्णा, हुग्गीच आहे ना? इतकं काय खोडताय?"

"प्रमाण चुकतंय," ते म्हणायचे.

मला वाटलं, वय झालं, आठवत नसेल.

नंदाचा टेंपो रविवारी सकाळी निघणार होता. शनिवारी दुपारी आण्णांनी वहीला कव्हर चढवलं. मी ताक घेऊन गेले होते. बघते तर वहीवर मातीचे दोन काळे लांब पीळ, खाली लाल काहीतरी. "आण्णा, साप का काढले?"

"नीट बघ."

बघितलं. वेण्या होत्या. लाल रिबिनीच्या. डावीकडचा पेड जरा सैल, माझा असायचा तसा. ताक मी तिथंच खाली ठेवलं. कानातलं डबीत तयार होतं, भुईमुगाच्या दोन इवल्या शेंगा, टरफलावरच्या जाळीसकट.

कव्हर निखळायला नको म्हणून अख्खी वही भट्टीत गेली. थर्मामीटर बघत पाऊण तास आण्णा स्टुलावर बसून होते. वही निघाली. वेण्या अशा झकास झाल्या होत्या की काय सांगू! आण्णांनी फडक्यानं धरून वही उघडली. पहिलं पान उलटलं. दुसरं. मग भराभरा सगळी.

वही कोरी होती.

एक अक्षर नाही. कुठं डाग नाही, करपल्याची खूण नाही. रशीदभाईंच्या दुकानातून आणलेली जशीच्या तशी. मी पानं चाचपली, वास घेतला, भट्टीत डोकावून बघितलं. हो, अक्षरं आत सांडली असतील म्हणून! माझं डोकंच चालेना. आण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "नोंद गेली," एवढंच म्हणाले. दोन महिन्यांची मेहनत, आणि नंदा तर उद्या सकाळी निघणार. मला रडू येत होतं आणि त्या भट्टीला लाथ घालावीशी वाटत होती.

मग मला तो दिव्याचा कोरा अर्ज आठवला. "आण्णा, उठा! रशीदभाईंना विचारू. पेनातच काहीतरी भानगड आहे."

आण्णा अनवाणीच निघाले. रशीदभाईंनी वही बघितली, पेन बघितला आणि कपाळाला हात लावला. "अरे आण्णा! ये पेन की शाई गरम हुई तो जाती. रबर घासे तो बी गरमी से ही जाती ना! तुम तो पूरी भट्टी में डाले!"

"आता?" आण्णांनी विचारलं.

"थंडे में रखो. लई थंडे में. कंपनीवाला बोल्या था मेरेकू, थंडे में रखे तो वापस आती बोलके. मैं तो देख्या नै कभी. अल्ला जाने."

खरं की खोटं कुणाला ठाऊक! पण थंडीचं म्हणाल तर माझ्याकडं कुल्फीचा डीप फ्रीजर आहे. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुल्फीच्या साच्यांशेजारी ठेवली. आण्णा फ्रीजरपुढं स्टूल टाकून बसले. शनिवारची संध्याकाळ, बाहेर अंगाची लाही लाही, कुल्फीला ही गर्दी, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आण्णा म्हणायचे, "लवकर बंद कर. गारवा जातोय." एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "काकांनी नोकरी धरली काय हितं?"

तीन तासांनी मी पिशवी बाहेर काढली. वहीवर दव धरलं होतं. उघडली.

अक्षरं आली होती! जरा फिकी, पण सगळी. शेंगापोळी, गूळ, चिमूटभर मीठ. मी दुकानात टाळ्या पिटल्या. पण मग बघते तर पान गिचमिड झालेलं. पाककृतीच्या ओळींखाली दुसऱ्या ओळी, त्यांच्यावर आणखी तिसऱ्या. आधी काही उलगडेना. मग उलगडलं. आण्णांनी रबरानं जे जे पुसलं होतं, तेही थंडीनं परत आलं होतं.

वाचू नये, हे मला कळत होतं. मी वाचलं. गुळाच्या ओळीखाली होतं, 'नंदा, तुझा फॉर्म बरोबर होता.' हुग्गीच्या पानावर, 'एक अक्षर गिरवलेलं चालतं. तसले फॉर्म मी रोज घेत होतो.' वांग्यांच्या खाली, 'संध्याकाळी घरी येऊन भांडशील, मग घेईन असं ठरवलं होतं. दोघांच्या भाकरी करून ठेवल्या होत्या.' आणि चटणीच्या पानावर तेच तेच वाक्य चार वेळा लिहून चार वेळा पुसलेलं, 'तू गेलीस तर घरात बोलू कुणाशी, म्हणून परत केला.'

आण्णांनी वही माझ्या हातातून ओढून घेतली आणि मिटली. कानापर्यंत लाल झाले होते.

"ही देता येत नाही," म्हणाले. "खाडाखोड आहे."

माझं टाळकं सरकलं. "आण्णा, चौदा वर्षं मला नियम सांगितलात! आणि मी येडी खरं मानत बसले! त्या पोरीला वाटतंय तिच्यापेक्षा तुम्हाला कागद मोठा!"

"पुन्हा भट्टीत घालतो. सगळं जाईल. मग बसून नवीन लिहितो, स्वच्छ."

"उद्या सकाळी टेंपो आहे. आणि स्वच्छ काय लिहिणार? मीठ चिमूटभर?"

मी वही त्यांच्या हातून काढून घेतली आणि पुन्हा फ्रीजरमध्ये टाकली. "इथंच राहू दे. सकाळी तुमची तुम्ही न्या. भट्टीत घाला नाहीतर विहिरीत," म्हटलं. त्या संध्याकाळी मी आण्णांवर जेवढी चिडले तेवढी आमच्या ह्यांच्यावरही कधी चिडले नाही. आणि रागावता रागावता, दोघांच्या केलेल्या त्या भाकरी डोळ्यांपुढून हलेनात.

रविवारी सातला आण्णा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात एक लिफाफा. "वही काढ," म्हणाले. मी काढली. "कुल्फी देतेस तो थर्माकोलचा डबा आहे?"

"डबा कशाला?"

"वही डब्यात ठेव. आणि डबा डिकीत नको, मांडीवर घेऊन बस. पदर टाक वरून. ऊन लागू देऊ नको."

मी डबा मांडीवर घेऊन, पदर टाकून, मागं बसले. जाताना ते वळशाच्या रस्त्याला लागले नाहीत. सरळ भवानी पेठेत शिरले, एक गल्ली सोडून दुसरीत वळले आणि कुणाला न विचारता नेमके नंदाच्या दारात थांबले. चौदा वर्षांत जो माणूस तिकडं फिरकला नाही, त्याला दार कसं ठाऊक, ते मला अजून समजलेलं नाही. विचारलंही नाही.

टेंपो अर्धा भरला होता. श्रीनिवास वर उभा राहून दोर आवळत होता, तो तसाच थांबला. "आण्णा, या," एवढं म्हणाला. नंदा हातात कपबशांची टोपली घेऊन दारात आली. भावाला बघून तिनं टोपली खाली ठेवली. मी बोलणार होते, पण आण्णांनी आधी लिफाफा पुढं केला. आत अर्ज होता. दोन प्रतींत. 'विषय : वही व कानातले स्वीकारणेबाबत.'

मी मनात म्हटलं, या माणसाला देवानं कुठल्या कचेरीत घडवलं?

नंदानं अर्ज वाचला, डबा उघडला. गार वहीवरच्या वेण्यांवरून बोट फिरवलं. मग वही उघडून उभ्या उभ्या वाचत राहिली. पान उलटायला तिला वेळ लागत होता. आण्णा जमिनीकडं बघत उभे होते, कचेरीच्या खिडकीपुढं माणूस उभा राहतो तसे.

"आण्णा," नंदा म्हणाली. "त्या दिवशी मी आत्याच्या दारात बसून व्हते. तू हुडकत येशील म्हणून. अंधार पडंस्तोवर."

"भाकरी झाकून मी पण दारातच बसलो होतो," आण्णा म्हणाले.

नंदानं डोळे पुसले. वही मिटली. मग तिनं कपाळावर चष्मा चढवल्यासारखं केलं, वही दोन बोटांत धरली आणि म्हणाली, "ह्यात लई खाडाखोड हाय. चालणार न्हाय. नवीन लिहून आणावं लागंल."

आण्णांचा चेहरा उतरला. "आणतो," ते पुटपुटले आणि वही घ्यायला हात पुढं केला.

"ही ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," नंदानं वही छातीशी धरली. "नवीन सुरतेला घेऊन ये. टपालानं घेणार न्हाय. तू स्वतः यायचं. आन् चार दिवस ऱ्हायाचं."

वर टेंपोत श्रीनिवास हसला. मी सरळ रडले, लाज कसली त्यात? नंदानं शेंगांची कानातली तिथंच घातली. बरोब्बर बसली. आण्णा बघत राहिले आणि मग सवयीनं म्हणाले, "पोच."

अर्जाची दुसरी प्रत त्यांनी पुढं धरली. नंदानं त्यांच्या खिशातला तो पेन काढला, तसा आण्णांनी तिचा हात धरला. "त्यानं नको. मंगल, तुझ्याकडं साधा बॉलपेन आहे का?"

माझ्या बटव्यात असतो. दिला. नंदानं टेंपोच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं, 'वही मिळाली.' पण फळी खडबडीत होती. एक अक्षर बिघडलं, तिनं ते खोडलं आणि शेजारी पुन्हा लिहिलं. खाली सही केली आणि कागद भावाच्या हातात दिला.

आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. कागद डोळ्यांजवळ धरला. ते खोडलेलं अक्षर त्यांनी बघितलं, हे मी बघितलं.

त्यांनी कागदाची नीट चार पदरी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.